दाराकडून घेतलेलं माप

बस्त्याव, तुझ्या खड्ड्याला पाणी लागलं.

छातीइतकं खणून झालं आणि तळातून पाणी वर यायला लागलं. भर वैशाखात, ठाण्यातल्या निम्म्या विहिरी तळ दाखवत असताना. खणणारा वर आला, पाय झटकले आणि म्हणाला, "तोकड्याचं माप मेल्यावरबी चुकलं." चार जण हसले. दुष्टपणाने नाही. उन्हात ताटकळलेली माणसं हसतात तसं. तुझी बायको रेजिन तिथेच उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर होतो. बोलायचं होतं, आणि मी एक शब्दही बोललो नाही.

त्याला आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मला धड बसवत नाही. कचेरीत नकाशावर पट्टी ठेवतो आणि उचलतो. घरी आई विचारते, "तुला झालंय काय?" काय सांगू तिला? माझा गवंडी गेला म्हणू? माझा म्हणायचा मला काय हक्क? तू इगर्जीचा, तुमच्या ख्रिस्ती देवळाचा गवंडी, मी सरकारी कचेरीतला नकाशे काढणारा. वीस वर्षं आपण भांडलो, एवढंच आपलं नातं. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं, तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठा असून. आता अहो म्हणायला जावं तर तूच हसशील. तर राहू दे, तूच बरा आहेस.

पाणी लागल्यावर काय झालं ते सांगतो, कारण ते तुला ऐकायचं असणार. तो खड्डा दगडांनी बुजवला आणि दोन हात पलीकडे दुसरा घेतला. पण सरळ घेता येईना, पाण्याची ओल तिरकी चालली होती. म्हणून तोही तिरका घेतला, ओलीला बगल देऊन. आणि मी तिथे उभ्या उभ्या पाहिलं की तुझा खड्डा आणि देवळाची ती भिंत अगदी एका रेषेत आहेत. भिंतही तशीच तिरकी, त्याच अंगाने. ज्या कोणी ती भिंत बांधली त्यालाही पाया खणताना हेच पाणी लागलं होतं. वीस वर्षं तू मला हेच सांगत होतास, आणि वीस वर्षं मी म्हणत होतो, जुन्या कारागिराची चूक, दुसरं काय.

नंतर रेजिनला विचारलं, ही जागा कोणी ठरवली? तो कोपरा तर कायम मोकळा असायचा. ती म्हणाली, "त्यानंच सांगितलेलं. दाराच्या कोपऱ्यात पुरा बोलला. मी विचारलं का, तर बोलला, भाऊंना कळंल."

कळलं, बाबा. कळलं.

आपली पहिली भेट आठवते का? साहेबाने जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींची टिपणं मागवली होती, आणि तळ्याकाठची इगर्जी माझ्या वाट्याला आली. घरून निघताना आईने शब्द घेतला: काम कर, पण त्यांच्या देवळाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. मी दिला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, त्या वेळी आमच्या आळीत कुणालाच वाटलं नसतं. मी दारातल्या पायरीवर बसलो आणि तू उंबऱ्याच्या आत, चुन्याचं घमेलं मांडीशी घेऊन. तू दोन वाक्यांत ओळखलंस. "आत यायचं नसंल तर नका येऊ. मी सांगतो, तुमी लिवा."

आणि सांगितलंस की! माझ्या टिपणात जे काही खरं आहे ते सगळं तुझं आहे. खाली काळा दगड, तो सगळ्यांत जुना. त्यावर फिरंग्यांच्या आमदानीतली चपटी वीट. त्यावर गोटे आणि माती, पेशवाईतल्या डागडुजीची, "घाईत केल्याली, बगा, जनू पोरीचं लगीन उद्या हाय". खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना कुठला आणि खडकाच्या चुनखडीचा कुठला, ते तू जिभेवर ठेवून सांगायचास. मी म्हटलं, अरे शतकांपूर्वीची भिंत काय चाटतोस? तू म्हणालास, "तुमी वाचता, मी चाटतो." मराठ्यांनी फिरंग्यांकडून ठाणं घेतलं त्या लढाईत छप्पर जळालं, मग कित्येक वर्षं देऊळ उघडं पडलं, वेदीच्या डोक्यावर पिंपळ उगवला. घंटा लोक घेऊन गेले. तू मला अधूनमधून डिवचायचास, "आमची घंटा तुमच्या कुठल्यातरी देवलात वाजत असंल. कधी कानावर आली तर सांगा." मी कधी उत्तर दिलं नाही. आता देतो. मी ऐकली असेल, बस्त्याव. आमच्याकडे अशा दोन-तीन घंटा आहेत, कुठून आल्या ते कुणी विचारत नाही.

त्या भिंतीची गोष्ट त्याच आठवड्यात निघाली. कबरस्तानाच्या बाजूची भिंत वाकडी आहे, हे मलाही दारातून दिसत होतं. दाराशी देऊळ अरुंद आणि वेदीकडे रुंद. मी म्हटलं, भिंत तिकडे फाकली. तू मान हलवलीस. "फाकली नाय. इकडं आत घेतली. देवूल आल्तारापासून बांधत येतात भाऊ, दारापासून नाय. आल्तार आधी. मग बांधत बांधत दारापर्यंत आले आन् इथं पानी लागलं. खाली झरा हाय. म्हनून आखडली." आल्तार म्हणजे तुमची वेदी, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हाचे म्हातारे पाद्री वेगळंच सांगायचे. फिरंगी यायच्याही कितीतरी आधी काही परदेशी साधू ठाण्यात येऊन मारले गेले, त्यांच्या जागेला मान द्यायला भिंत कलती ठेवली. तिघांची तीन मतं. मी माझं सोडलं नाही. घर दारापासून सुरू होतं, मी दारात बसलो होतो, मला तिथूनच दिसत होतं.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळतोय.

छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा नकाशा कोण काढणार म्हणून पाद्रींनी मला विचारलं. मी खुशीत हो म्हटलं, कचेरीबाहेरचं, माझ्या नावाचं पहिलं काम. अकरा तुळया लागणार होत्या, सागाच्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी दारातून फीत दिली, तू आतल्या भिंतीला टेकवलीस, आकडा सांगितलास, मी लिहिला. मग तू म्हणालास, "आता आल्ताराकडचं घ्या." मी म्हटलं, कशाला? "तिथं एक हात चार बोटं जास्त हाय." न मोजता, नुसत्या नजरेने. मी म्हटलं, अरे एवढी नाही वाकडी, बांधकामात दोन भिंती समांतरच धरायच्या, बोटभर फरक भिंतीच्या जाडीत खपतो. तू म्हणालास, "मग मी एकटा मापून सांगतो, तुमी आत येऊ नका." ऊन डोक्यावर आलं होतं. मला घरी जाऊन आंघोळ करायची होती. मी फीत गुंडाळली.

एवढंच, बस्त्याव. एक फीत गुंडाळली.

लाकूड बघायला आपण दोघं कल्याणला गेलो, मचव्याने, भरतीबरोबर. तू मागे, मी पुढे. तुझा सुका बोंबील आणि माझ्या दशम्या, मधे पाण्याची दोन वेगळी मडकी. बंदरावरच्या वखारीत तू प्रत्येक ओंडक्याला बोटाच्या पेराने ठोकत होतास, कान लावत होतास, आणि वखारवाला कंटाळून म्हणाला, "अहो मिस्त्री, लाकूड आहे, मुलगी नाही बघायला आलात." तू हसलास, पण तीन ओंडके बाजूला काढलेस आणि नंतर ते आतून पोकळ निघाले. मग माझ्याकडे वळलास. "भाऊ, शेवटचे चार लांब घ्या. हाताने लांब. उरलं तर कापता येतं." मी चारचौघांत तुला म्हटलं, "नकाशा मी काढलाय की तू?" तू पुढच्या ओंडक्याकडे वळलास. परत येताना तुळया मचव्याच्या मागे बांधून आणल्या, आणि डोंबिवलीच्या अंगाला खाडीचं वळण येईपर्यंत तू एकही शब्द बोलला नाहीस. त्या वळणावर म्हणालास, "पानी कसं वाट काढतंय बगा." मला वाटलं खाडीबद्दल बोलतोयस.

पहिल्या सात तुळया भिंतीच्या जाडीत कशाबशा टेकल्या. पुढच्या चार टेकल्याच नाहीत. वेदीकडची शेवटची तर हवेत लोंबली. खाली पाद्री, गावातले चार मोठे, आणि पायरीवर मी. सगळे आधी तुळईकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात नकाशाची सुरळी होती. तू परांचीवरून खाली उतरलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "माप मी सांगितलं भाऊंना. माझी चूक."

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. पण तू माझ्याकडे बघून अशी मान हलवलीस की ते मिटलं. आणि मग ते चौदा वर्षं मिटलेलंच राहिलं, त्याला तुझी मान काय करणार? ते माझं मीच मिटून घेतलं.

आठवड्यात तू वाट काढलीस. भिंतीतून चार दगडी हात बाहेर काढलेस, ज्यांना तुम्ही तोडे म्हणता. पहिला वीतभर, मग वाढत वाढत शेवटचा हाताहून लांब. त्यांच्यावर तुळया बसल्या, छप्पर चढलं, आजही आहे. इतके देखणे तोडे मी दुसरीकडे पाहिले नाहीत. पण लोकांनी तुझं नाव ठेवलं तोकड्या. तोकड्या बस्त्याव. मग पोरंही तेच म्हणायला लागली. मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली, तुझ्याकडे विहिरींचे कठडे आणि चुली. जो माणूस भिंतीची चव घेऊन तिचं वय सांगायचा, त्याला लोक हसून म्हणायचे, मिस्त्री, चूल तरी मापून बांध.

मी तुला एकदा विचारलं होतं, का केलंस? पायरीवरच बसलो होतो. तू चुन्यात आणखी पाणी ओतलंस. मग म्हणालास, "खरं सांगितलं असतं तर तुमी आत का गेला नाय तेपन सांगावं लागलं असतं. लोक बोलले असते, हा आपल्या देवलाचा विटाल मानतो. मंग तुमी परत आला नसता." थांबून म्हणालास, "मंग भांडायला कोन?"

यावर मी काय म्हणालो आठवतं? मी म्हणालो, उद्या येतो. आणि घरी गेलो.

आणि पुढचं ऐक, हे तुला माहीत नाही. दोन वर्षांनी दुसरा एक साहेब देऊळ बघायला आला. दारातून आत गेला, तोडे पाहून खूश झाला, आणि मला म्हणाला, जुन्या कारागिरांनी वेदीकडे नजर वळावी म्हणून हे चढत्या मापाचे तोडे योजले, काय दृष्टी होती. टिपणात घाला. मी घातलं. माझ्या अक्षरात, शाईने: वाढत जाणारे तोडे हा मूळ रचनेचाच भाग. तुझी चूक म्हणून गाजली ती माझी, आणि तुझं कौशल्य ते फिरंग्यांचं. तुझ्या नावावर काहीच ठेवलं नाही मी. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, आणि ती वाटायला इतकी वर्षं का लागली याचा रागही येतो.

परवा नव्या पाद्रींकडे गेलो. ते गोव्याकडचे, मराठी तोलून बोलतात. त्यांना सगळं सांगितलं, नवा नकाशा दिला, वेदीकडच्या रुंदीची जागा मोकळी सोडून. म्हटलं, रविवारी तुम्ही लोकांना सांगा. त्यांनी नकाशा परत माझ्या हातात दिला. "मी नाही. तुम्ही सांगा. आत येऊन."

घरी आलो आणि आईला सांगितलं. ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. सगळं ऐकून म्हणाली, "मी तुला आत जाऊ नको म्हटलं होतं. खोटं लिही असं कधी म्हटलं?" मग तुळशीकडे बघत म्हणाली, "त्या माणसाची बायको आहे ना? मग जा. आणि आल्यावर आंघोळ कर."

तर काल मी उंबरा ओलांडला, बस्त्याव. वीस वर्षं ज्या उंबऱ्यावर आपण भांडलो तो. आत गारवा होता, मेणाचा वास होता. वेदीच्या पायथ्याशी उभं राहून वळलो, आणि पहिल्यांदा देऊळ तुझ्या बाजूने पाहिलं. तिथून भिंत अजिबात फाकलेली दिसत नाही. दाराकडे जाता जाता, कुणीतरी हळूच हात धरून बाजूला घेतल्यासारखी, थोडी थोडी आत येत जाते. तू म्हणायचास तेच. मला दिसत नव्हतं, कारण मी चुकीच्या टोकाला बसलो होतो.

मग बोललो. तयारी करून गेलो होतो, सगळी विसरलो. एवढंच म्हणालो की बस्त्याव मिस्त्रीने मला बरोबर माप सांगितलं होतं, दोनदा, आणि मी ऐकलं नाही. चूक माझी. त्याने आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. ते तोडे फिरंग्यांचे नाहीत, त्याचे आहेत. खणणारा मागच्या बाकावर होता, तो पायाकडे बघत राहिला. एक म्हातारी म्हणाली, "मंग इतकी वर्सं काय केलंस रे, बाबा?"

लोक गेले. रेजिन थांबली. मी फीत काढली तशी ती आपणहून आली, एक टोक घेतलं आणि कबरस्तानाकडच्या भिंतीला टेकवलं, तू टेकवायचास तसंच, अंगठ्याने दाबून. दाराशी मोजलं. मग वेदीशी. दोन्ही आकडे लिहिले, वजाबाकी केली.

"किती?" तिने विचारलं.

"एक हात, चार बोटं."

"तो किती बोललेला?"

"तेवढंच."

ती तिथेच खाली बसली, फरशीवर, फितीचं टोक मुठीत धरून. मला वाटलं मला बोलेल. बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "मना कधी सांगितला नाय त्यानं. एका सबदानं नाय. मीबी त्याला तेच बोलायचे, भाऊ. भांडन झाला का. तोकड्या. घरात, पोरांसमोर. तो हसायचा. मना वाटायचं, खरं हाय म्हनून हसतो."

बस्त्याव, मी तुझं नाव घालवलं ते गावात, असं मला चौदा वर्षं वाटत होतं. तुझ्या घरात, तुझ्या ताटासमोर काय होत होतं हे मला माहीतच नव्हतं. आणि तू तेही ऐकून घेत राहिलास, संध्याकाळी येऊन माझ्याशी झऱ्यावरून भांडत राहिलास.

मी तिला म्हटलं, चल. ती उठली. आम्ही दोघं बाहेर आलो, दाराच्या कोपऱ्यात, तुझ्या तिरक्या मातीपाशी. माती अजून ओली होती. ती वाकली आणि तुझ्याशी बोलली, हळू, बराच वेळ. मी चार पावलं दूर उभा होतो, मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. मग ती बाजूला झाली आणि माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती.

माझ्या तोंडून तिथे काही निघालं नाही. जे निघालं नाही, ते हे.